ऊस लाल का दिसतो? अवकाशातल्या फोटोंच्या रंगांबद्दल

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न थोडक्यात असा: वर्गाच्या भिंतीवर त्यांनी जेम्स वेब दुर्बिणीचे फोटो लावले. पालकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "हे रंग नासावाले नंतर कॉम्प्युटरवर भरतात. मग हे फोटो खरे कसे?" बाईंनी शोधलं, तर रंग खरोखरच नंतर भरले जातात असं कळलं. आता मुलांना काय सांगायचं?

बाई, त्या गृहस्थांचं पहिलं वाक्य बरोबर आहे. ते आधी मान्य करा, मुलांसमोर मान्य करा. त्यातून फोटो खोटा ठरतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. माझी नोकरी उपग्रहांनी घेतलेल्या प्रतिमांवर प्रक्रिया करण्यात गेली आणि त्यानंतरची वर्षं मी दुर्बिणींचा खुला डेटा घेऊन हौसेने तेच करतो आहे. म्हणजे रंग भरणाऱ्यांपैकीच मी एक आहे. तेव्हा हे काम आतून कसं चालतं ते सांगतो.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलेल्या एका फोटोपासून करू. दर दिवाळीत तो फिरतो: रात्रीचा भारत, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे, आणि खाली ओळ, 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत'. ती प्रतिमा दिवाळीची नाही, एका रात्रीचीही नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी अनेक वर्षं टिपलेले रात्रीचे दिवे एकत्र करून एका शास्त्रज्ञांनी ती बनवली. तिच्यातला प्रत्येक रंग म्हणजे एक साल. पांढरे दिवे १९९२च्या आधीपासून दिसणारे, निळे १९९२मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८मध्ये आणि लाल २००३मध्ये. शहरं कुठे आणि कधी पसरली याचा तो नकाशा आहे. नासाने नोव्हेंबर २०१२मध्ये दिवाळीच्या सुमाराची खरी रात्रीची प्रतिमा प्रसिद्ध केली. त्यात भारत नेहमीसारखाच दिसतो, कारण पणत्या आणि आकाशकंदिलांचा वाढीव उजेड इतक्या उंचीवरून वेगळा ओळखू येण्याइतका नसतोच.

आता यात खोटं कोण बोललं? शास्त्रज्ञांनी रंगांचा अर्थ लिहून दिला होता. तो वाटेत गळला आणि चित्र एकटंच पुढे गेलं. माझ्या अनुभवात या विषयावरच्या बहुतेक संशयाचं मूळ इथे आहे. रंग लावणं ही फसवणूक नसते. रंगांची किल्ली चित्रापासून सुटते, तिथून गडबड सुरू होते.

हे मला पुस्तकातून नव्हे, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात समजलं. पाणी आणि पिकांविषयीच्या कार्यक्रमात आम्ही त्या भागाची उपग्रह प्रतिमा मोठी छापून टांगली होती. एक आजोबा बराच वेळ तिच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरा, आमचा ऊस लाल कधी झाला?" आजूबाजूची माणसं हसली, पण प्रश्न अगदी नेमका होता. आपल्या रिसोर्ससॅट मालिकेतल्या उपग्रहांवरच्या लिस-३ आणि लिस-४ या कॅमेऱ्यांना निळा प्रकाश टिपणारा पट्टाच नाही. हवेत निळा प्रकाश सर्वांत जास्त विखुरतो, त्यामुळे वरून पाहताना तो धूसर होतो. म्हणून त्यांना हिरवा, तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे पट्टे दिले. हिरवंगार पीक हिरवा प्रकाश थोडाच परत पाठवतं, अवरक्त मात्र त्याच्या कितीतरी पट. पीक जितकं जोमदार तितकं अवरक्त जास्त. पडद्यावर दाखवायला आपल्याकडे लाल, हिरवा आणि निळा हे तीनच रंग. मग अवरक्ताला लाल दिला, तांबड्याला हिरवा आणि हिरव्याला निळा. ऊस लाल झाला तो असा.

हे मी आजोबांना सांगितलं, "लाल म्हणजे जिवंत पान" एवढ्याच शब्दांत. त्यांनी मान डोलावली, पुन्हा प्रतिमेकडे वळले आणि नदीकाठच्या एका पांढुरक्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "मग ही आमची क्षारपड." बरोबर होतं. पाणी जास्त झाल्याने मीठ वर आलेली ती जमीन होती, आणि ती त्यांनी माझ्याआधी ओळखली. किल्ली हातात आल्यावर तोच 'खोटा' रंग त्यांना आपल्या रानाबद्दल साध्या फोटोपेक्षा जास्त सांगू लागला.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. कुठल्याही डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. प्रत्येक पिक्सेलवर किती प्रकाश पडला, एवढं तो मोजतो. म्हणजे मूळ नोंद फक्त आकड्यांची, कमी-जास्त उजेडाची. तुमच्या मोबाइलमध्ये या पिक्सेलांवर लाल, हिरव्या आणि निळ्या काचांची बारीक जाळी बसवलेली असते. एका पिक्सेलवर एकच काच. उरलेले दोन रंग फोन शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने काढतो. म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेला तुम्ही काढलेल्या फोटोतही प्रत्येक ठिपक्याचे तीनपैकी दोन रंग गणिताने आलेले आहेत. वर फोन पांढऱ्याचा समतोल साधतो, ट्यूबलाइटचा हिरवटपणा काढतो, चेहरे उजळतो. या फोटोला आपण खोटा म्हणत नाही, कारण तो आपल्या डोळ्यांच्या अंदाजाने सांधलेला असतो.

अवकाशातल्या दुर्बिणींवर ही जाळी सहसा नसते. तिथे फिल्टरचं चाक असतं. एक फिल्टर समोर आणायचा, कृष्णधवल प्रतिमा घ्यायची, चाक फिरवायचं, दुसरी घ्यायची. कारण सरळ आहे: जाळी लावली की कॅमेरा कायमचा तीनच रंगांना बांधला जातो. चाकावर मात्र हायड्रोजन वायूतून निघणारा एक नेमका रंगच तेवढा सोडणारा फिल्टरही ठेवता येतो, आणि सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल त्याच एका कामाला लागतो.

या पद्धतीची एक खूण कधीकधी फोटोत उरते. जुलै २०१५मध्ये पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या डिस्कव्हर या यानाने चंद्र पृथ्वीसमोरून जाताना टिपला. त्या फोटोत चंद्राच्या उजव्या कडेला हिरवी रेघ दिसते. ती पाहून 'चंद्र वरून चिकटवला आहे' असं पुष्कळांनी म्हटलं. झालं होतं असं की लाल, हिरवी आणि निळी प्रतिमा सुमारे अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतराने घेतल्या होत्या आणि तेवढ्या वेळात चंद्र पुढे सरकला होता. तीन प्रतिमा एकावर एक ठेवल्या तर पृथ्वी जुळते, चंद्राची कड जुळत नाही. ज्यांनी हे काम हाताने केलं आहे त्यांना ती रेघ पाहून उलट खात्री पटते. चिकटवणाऱ्याने ती पहिल्यांदा पुसली असती.

मंगळाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे संशय घेणाऱ्यांकडे दाखवायला खरोखर काहीतरी होतं.

२० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं. दुसऱ्याच दिवशी पहिला रंगीत फोटो आला आणि त्यात आकाश निळसर होतं. लोक आनंदले, जणू ॲरिझोनाचं वाळवंट. मग शास्त्रज्ञांनी सांगितलं, चूक झाली, मंगळाचं आकाश गुलाबीसर पिवळट आहे. जमलेल्या पत्रकारांनी नाराजीचा सूर काढला. 'आधी निळं दाखवलं, मग रंग बदलला' हा आरोप तेव्हापासून जिवंत आहे. त्या कॅमेऱ्याचे सेन्सर प्रत्येक रंगाच्या पट्ट्यात थोडं अवरक्तही पकडत होते. ते वजा करून, यानावर बसवलेल्या रंगपट्टीशी ताडून मगच खरा तोल मिळणार होता. घाईत पहिला फोटो बनवताना हा हिशेब पुरा झाला नव्हता, आणि माणसाचा हात आपोआप ओळखीच्या आकाशाकडे वळला. म्हणजे चुकीचा फोटो पहिला होता, दुरुस्त केलेला दुसरा. लोकांच्या मनात मात्र उलट बसलं, कारण पहिला आपल्या घरासारखा दिसत होता.

पुढे जानेवारी २००४मध्ये स्पिरिट बग्गी उतरली. तिच्यावर रंग जुळवण्यासाठी एक छोटं सूर्यघड्याळ होतं आणि त्याच्या चार कोपऱ्यांत निळा, हिरवा, लाल, पिवळा असे चार तुकडे. पृथ्वीवर काढलेल्या त्याच्या फोटोत निळा तुकडा छान निळा आहे. मंगळावरून आलेल्या काही रंगीत फोटोंत तोच तुकडा गुलाबी! ज्यांनी हे हेरलं त्यांची नजर चांगली होती, आणि मी त्यांना मनापासून दाद देतो. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकला. तो असा, की मंगळ मुद्दाम लाल दाखवण्यासाठी सगळा फोटो रंगवला आहे.

तसं असतं तर सगळेच तुकडे लालसर झाले असते. निळ्याचं रूप एवढं का पालटलं, हे पाहायला हवं. त्या फोटोंत लाल रंगाच्या जागी ७५३ नॅनोमीटरचा (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) फिल्टर वापरला होता. हा दृश्य लालच्या पलीकडचा, अवरक्ताच्या उंबरठ्यावरचा. खडकांतल्या लोहखनिजांत फरक ओळखायला तो उपयोगी, आणि बग्गीच्या डाव्या-उजव्या अशा दोन्ही कॅमेऱ्यांवर तो असल्याने त्रिमिती प्रतिमांसाठी तो घेतला जायचाच. पण त्या तुकड्याचं निळं रंगद्रव्य अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवतं. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, फिल्टरला कळतं. म्हणून 'लाल' प्रतिमेत निळा तुकडा झगझगीत आला आणि तिन्ही एकत्र केल्यावर गुलाबी झाला. त्याच बग्गीचा ६०१ किंवा ६७३ नॅनोमीटरचा फिल्टर लालसाठी घेतला की तुकडा निळा दिसतो. हे मी स्वतः करून पाहिलं आहे, कारण त्या मोहिमेच्या कच्च्या प्रतिमा कुणालाही उतरवून घेता येतात.

वर्गात याचा प्रयोग दोन मिनिटांत होतो. टीव्हीचा रिमोट घ्या, पुढच्या बारीक दिव्याकडे पाहत बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही. आता मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहा. बहुतेक फोनमध्ये तो दिवा जांभळट पांढरा लुकलुकताना दिसेल. मुलांना विचारा, हा जांभळा रंग खरा की खोटा? प्रकाश खरा आहे, कॅमेऱ्याने तो पकडलाही आहे. फक्त आपल्याकडे त्या रंगाला नाव नाही, म्हणून फोनने आपल्या ओळखीतला एक दिला.

आणि मंगळाचं आकाश? हवेत तरंगणाऱ्या गंजासारख्या बारीक धुळीमुळे ते दिवसा पिवळट तपकिरी असतं. सूर्य मावळताना मात्र त्याच्याभोवती निळसर प्रभा दिसते. १५ एप्रिल २०१५ रोजी मंगळावरच्या क्युरिऑसिटी बग्गीने ती रंगीत टिपली. आपल्या संध्याकाळच्या बरोबर उलट!

चंद्रयान-३च्या वेळीही हा गोंधळ जवळून पाहिला. प्रज्ञान बग्गीचे फोटो कृष्णधवल आले, कारण ते वाट शोधण्यासाठीच्या कॅमेऱ्यांचे होते. त्या कामाला रंग लागत नाही. मग सप्टेंबर २०२३मध्ये इस्रोने विक्रमचा लाल-निळसर कडांचा त्रिमिती फोटो दिला आणि तो 'चंद्राचा रंगीत फोटो' म्हणून फिरला. डाव्या कॅमेऱ्याची प्रतिमा लाल रंगात आणि उजव्याची निळ्या-हिरव्यात, रंगीत काचांच्या चष्म्यातून पाहण्यासाठी. ते रंग चंद्राचे नव्हते, आपल्या दोन डोळ्यांचे होते.

आता दूरच्या तेजोमेघांकडे, म्हणजे अवकाशातल्या वायू आणि धुळीच्या प्रचंड ढगांकडे. हबल या अवकाश दुर्बिणीचा 'निर्मितीचे स्तंभ' हा फोटो तुमच्या भिंतीवर असेलच. गरुड तेजोमेघातले ते धुळीचे खांब हबलने पहिल्यांदा १९९५मध्ये टिपले. त्यासाठी तीन बारीक फिल्टर वापरले: ५०२ नॅनोमीटरला चमकणारा ऑक्सिजन, ६५६ला हायड्रोजन आणि ६७३ला गंधक. यातले शेवटचे दोन्ही डोळ्याला लालच. खऱ्या रंगात दाखवलं असतं तर हायड्रोजन आणि गंधक एकमेकांत मिसळून गेले असते आणि जे शोधायला दुर्बीण वळवली तेच दिसलं नसतं. म्हणून सर्वांत लहान तरंगलांबीला निळा, मधलीला हिरवा, मोठीला लाल असा क्रम दिला. क्रम निसर्गातलाच आहे, फक्त ताणून मोकळा केला. जेम्स वेबचंही तसंच. ती पाहतेच मुख्यतः अवरक्तात, तेव्हा तिथे 'डोळ्याला दिसणारा रंग' असा प्रश्नच उरत नाही. सप्तकं बदलून गाणं आपल्या गळ्याच्या पट्टीत आणावं, तसं ते आहे. स्वरांमधली अंतरं तीच राहतात.

रंगाइतकीच मोठी ढवळाढवळ उजेडात होते, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. दुर्बिणीच्या नोंदीत तेजस्वी ताऱ्यात आणि अंधुक वायूत हजारो पटींचा फरक असतो. पडद्यावर एका रंगाच्या पायऱ्या फक्त २५६. सरळ दाखवलं तर काळ्या पाटीवर चार पांढरे ठिपके दिसतील. म्हणून अंधुक भाग वर उचलायचा आणि तेजस्वी भाग दाबायचा. हे किती करायचं, इथे माणसाची निवड येते. दोन जाणते लोक एकाच डेटापासून थोडे वेगळे फोटो बनवतील. हे मी लपवणार नाही आणि तुम्हीही मुलांपासून लपवू नका. पण तारा कुठे आहे, वायूची कड कुठे संपते, हे त्या दोघांपैकी कुणालाही बदलता येत नाही.

'तिथे जाऊन पाहिलं तर असं दिसेल का?' असं मुलं विचारतीलच. नाही दिसणार. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. मृग नक्षत्रातला तेजोमेघ मी चांगल्या काळोखात, बऱ्यापैकी दुर्बिणीतून शेकडो वेळा पाहिला आहे. तो धुरकट, राखाडी, फार तर हिरवट छटेचा दिसतो. जवळ गेलं म्हणून तो भडक होत नाही, कारण जवळून तो फक्त मोठा पसरतो. यात कॅमेरा खोटा आहे असं नाही, आपला डोळा अपुरा आहे.

आमच्या लोकांची चूक कुठे होते तेही सांगायला हवं. ऑगस्ट १९८९मध्ये व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळून गेलं. ढग आणि वादळं उठून दिसावीत म्हणून तिथल्या फोटोंचे रंग गडद केले आणि तसं तेव्हा लिहिलंही. पण तळटीप हरवली, फोटो उरले. तीसहून जास्त वर्षं पाठ्यपुस्तकांत नेपच्यून गडद निळा आणि युरेनस फिका हिरवट छापला गेला. जानेवारी २०२४मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने हबल आणि चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या मोजमापांवरून रंग पुन्हा काढले. दोन्ही ग्रह जवळजवळ सारखेच निघाले: कपड्यांना देण्यासाठी बादलीत थेंबभर नीळ टाकावी तसे फिके, हिरवट छटेचे. नेपच्यून किंचितच जास्त निळा. मीही वर्षानुवर्षं व्याख्यानांत तो गडद निळा गोळा दाखवत आलो होतो, एक शब्दही न जोडता. याचं मला वाईट वाटतं. त्या पालकांसारख्या माणसाने तेव्हा हटकलं असतं तर बरं झालं असतं.

वर्तमानपत्रांत परग्रहांची चित्रं छापतात तीही अशीच. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे समुद्र-डोंगर असलेले ग्रह चित्रकाराने कल्पनेने काढलेले असतात. मूळ निवेदनात तसं लिहिलेलं असतं, छापताना ती ओळ जागेअभावी जाते. १० एप्रिल २०१९ला प्रसिद्ध झालेलं कृष्णविवराचं नारिंगी कडं मात्र कल्पना नव्हे, मोजमाप आहे. ते रेडिओ लहरींचं आहे आणि नारिंगी हा निवडलेला रंग. हा भेद लिहून सांगितल्याशिवाय वाचणाऱ्याला कसा कळावा?

म्हणून माझं एक सुचवणं आहे. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोखाली मुलांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कोणत्या फिल्टरने टिपला, कशाला कोणता रंग दिला आणि फोटो कॅमेऱ्यातला की चित्रकाराचा. हबल आणि वेबच्या मूळ संकेतस्थळांवर बहुतेक प्रतिमांसोबत हे दिलेलं असतं. जिथे माहिती सापडणार नाही, तो फोटो काढून ठेवा.

आणि शक्य असेल तर एक शनिवार याला द्या. हबलचा मूळ डेटा मास्ट नावाच्या संग्रहात फुकट मिळतो. गरुड तेजोमेघ शोधा आणि एफ५०२एन, एफ६५६एन आणि एफ६७३एन या तीन फिल्टरच्या फायली घ्या. फिट्स लिबरेटर हे मोफत सॉफ्टवेअर त्या उघडतं. आधी त्यांना रंग देऊच नका. तिन्ही राखाडी प्रती छापून फळ्यावर शेजारी शेजारी लावा आणि मुलांना फरक शोधू द्या. ऑक्सिजनच्या प्रतीत खांब मागच्या उजेडावर काळ्या सावल्यांसारखे दिसतील. गंधकाच्या प्रतीत त्यांच्या कडा उजळलेल्या असतील, कारण शेजारच्या तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश खांबांचा पृष्ठभाग झिजवतो ती जागा तीच. मग मुलांनाच रंग वाटू द्या, कुणाला लाल, कुणाला हिरवा, हवे तसे. चार गटांचे चार वेगळे फोटो तयार होतील आणि चारही फोटोंत खांब त्याच जागी उभे असतील. त्या दिवशी त्या पालकांनाही बोलवा आणि पहिली फाइल त्यांच्या हातून उघडा.